कागदाची पाठ

"उठलंय," बाबा म्हणाले आणि कागद परत टेबलावर ठेवला.

सकाळपासून हे तिसऱ्यांदा. या तीन आठवड्यांत कितव्यांदा, ते टिंबूनं मोजणं सोडून दिलं होतं. बाबांची पद्धत ठरलेली होती. छापलेला कागद हातात घ्यायचा, त्याच्यावर नजर टाकल्यासारखं करून तो लगेच पालथा घालायचा, आणि मागच्या कोऱ्या बाजूवरून उजव्या हाताचं मधलं बोट फिरवायचं. बोटाला जराशी खरखर लागली की खेळ खलास. उठलंय, म्हणजे अक्षरांचा दाब कागदातून पलीकडे आलाय. म्हणजे छपाई वाईट. म्हणजे विषय संपला. कागदावर काय छापलंय, ओळी सरळ आहेत की वाकड्या, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"बाबा, हा प्रूफाचा कागद आहे. पातळ आहे. पुस्तकाचा कागद याच्या तिप्पट जाड आहे, त्याच्यावर मागे काही येणार नाही."

"पातळ कागदावर ज्याचा हात सांभाळतो, त्याचा जाडावर सांभाळतो."

"बरं. सांभाळेन. पण मजकूर तर वाचा. वाचा, सही करा, मला मोकळी करा."

"मागून उठलेलं प्रूफ मी वाचत नाही."

टिंबूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वय सेहेचाळीस, निम्मे केस पांढरे, आणि तरी घरात, गल्लीत, कागदवाल्याकडे ती अजून टिंबूच होती. लहानपणी छापखान्यात जमिनीवर सांडलेली टिंबं वेचून द्यायची, तेव्हापासूनचं ते नाव. या नावाच्या बाईवर कुणी चिडलं तर शोभतं, पण तिनं कुणावर चिडलेलं शोभत नाही, ही तिची जुनी तक्रार होती. ती कागद घेऊन यंत्रापाशी परत गेली.

छापखाना म्हणजे घराच्या मागची एक लांबट खोली. एका बाजूला लाकडी खणांच्या उतरत्या फळ्या, त्यांत शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एकेक उलटं अक्षर. दुसऱ्या बाजूला पायानं चालवायचं यंत्र. ते जबड्यासारखं उघडतं आणि मिटतं. एका जबड्यात जुळवलेले खिळे, दुसऱ्यावर कागद. कागदाच्या मागे साध्या कागदांची एक गादी असते. गादीत कागद वाढवले की दाब वाढतो, काढले की कमी होतो. सगळी कला काय ती त्या गादीत, असं बाबा म्हणत. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं आणि हेच शिकवलं: कागदाला कळताही कामा नये की आपल्यावर काही छापलंय.

आठ वर्षांपूर्वी टिंबूनं जाहिरातीच्या ऑफिसातली नोकरी सोडून हा बंद पडलेला छापखाना पुन्हा सुरू केला, तेव्हा तिला कळलं की जग नेमकं उलटं मागतंय. गिऱ्हाईक कार्ड हातात घेतं, डोळे मिटतं आणि अक्षरांवरून अंगठा फिरवतं. खोल रुतलेलं पाहिजे. नाहीतर घरच्या प्रिंटरनं काय घोडं मारलंय? ती त्यासाठी अख्ख्या मजकुराची प्लास्टिकची प्लेट बनवून घ्यायची, दाब द्यायची, लोक खूश व्हायचे. बाबा त्या कामाला "खड्डे" म्हणायचे. "आज किती खड्डे खणलेस?" असं जेवताना विचारायचे. ती हसून सोडून द्यायची, कारण प्लेटचं काम त्यांनी कधी तपासायला मागितलं नाही, आणि तिनंही कधी दाखवलं नाही.

हे काम मात्र प्लेटचं नव्हतं. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी चोवीस झाडांच्या सालींवर चोवीस छोटी टिपणं लिहिली होती, एका झाडाला एक पान. त्यांना महिनाअखेरीपर्यंत ऐंशी प्रती हव्या होत्या. "साल हाताला लागते ना, तशी अक्षरं लागली पाहिजेत," त्या म्हणाल्या. वर प्लेट नको, खरे खिळे हवेत, आणि तेही बाबांच्या खणांतले, चौदा पॉइंटचे. ते खिळे ओतणारा कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली होती आणि त्याचे साचे भंगारात गेले होते. तो संच झिजला की जगातून गेला. आणि बाईंची तिसरी अट: प्रत्येक पान घारीनं वाचलेलं हवं.

घार म्हणजे बाबा. एके काळी शहरातले चार छापखाने शेवटचं प्रूफ त्यांच्याकडे पाठवायचे. ओळीत लपलेला परका खिळा, म्हणजे दुसऱ्या संचातून चुकून आलेलं अक्षर, ते खुर्चीतून न उठता दाखवायचे. बाईंच्या पहिल्या पाठ्यपुस्तकातल्या अकरा चुका त्यांनी काढल्या होत्या. बाई ते विसरल्या नव्हत्या.

म्हणून टिंबूची ही अवस्था, इकडे आड तिकडे विहीर. दाब दिला की बाबा मागून बोट फिरवून कागद परत करायचे. दाब काढला की बाई पुढून बोट फिरवून ओठ मुडपायच्या. गेल्या गुरुवारी त्या स्वतः आल्या, हलकं छापलेलं पान हातात घेतलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हे तर नुसतं छापल्यासारखं वाटतंय."

छापखान्यात येऊन हे म्हणायला एक वेगळीच छाती लागते. टिंबूनं मान डोलावली आणि गादीत दोन कागद वाढवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पान काढलं तर दाब पुन्हा हलका. तिनं रूळ तपासले, शाई बदलली, खिळ्यांची चौकट सोडून पुन्हा आवळली, यंत्राचे बोल्ट घट्ट केले. दुपारपर्यंत हात काळे, कंबर मोडलेली, आणि दाब होता तिथंच. मग तिनं गादी उघडली. दोन कागद नव्हते. ते नीट घडी करून खिडकीत ठेवलेले होते, वर शिशाचा एक तुकडा, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

"तुम्ही काढलेत?"

"जास्त होते," बाबा म्हणाले.

"तुम्ही माझ्या यंत्राला हात लावलात. मला न विचारता."

"तुझं यंत्र?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिनं कागद परत घातले. शनिवारी ते कागद पुन्हा काढलेले होते. रविवारी तिनं गादीवर पेन्सिलनं लिहिलं, "हात लावू नये." सोमवारी कागद काढलेले होते आणि ती सूचना जागच्या जागी होती. बाबांनी ती वाचून मुद्दाम धुडकावली असं धरून ती दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

आणि आज मंगळवार. महिना संपायला नऊ दिवस. चोवीस पानांपैकी एकावरही सही नाही.

तिनं यंत्रापाशी उभं राहून त्या परत आलेल्या कागदाकडे बघितलं. पहिलं टिपण निलगिरीचं होतं. तिनं ते चार वेळा जुळवलं होतं, दोन ओळींमधली शिशाची पट्टी केसाएवढी इकडेतिकडे केली होती, समास मोजून मोजून डोळे दुखले होते. इतकं नीटस पान तिनं आयुष्यात जुळवलं नव्हतं. आणि त्या माणसानं त्यातला एक शब्द वाचला नव्हता. एक शब्द. ऑफिसातले साहेब बरे होते, निदान वाचून नावं ठेवायचे.

"उठलंय काय?" ती स्वतःशीच म्हणाली. "दाखवते उठणं म्हणजे काय ते."

तिनं गादीत दोन नाही, पाच कागद घातले. वर एक पुठ्ठा. पातळ प्रूफाचा कागद लावला आणि पायटा जोरात दाबला. जबडा मिटताना यंत्र कण्हलं. कागद बाहेर आला तो चाळणी व्हायचा तेवढा राहिला होता. पूर्णविरामांच्या जागी तर आरपार भोकं पडली होती. कुठल्याही छापखान्यात असा कागद निघाला असता तर छापणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तिला ते माहीत होतं. म्हणूनच तिनं तो काढला होता.

ती तो कागद घेऊन बाबांच्या पुढ्यात गेली. "घ्या. आता पोटभर उठलंय. बोला काय बोलायचं ते."

बाबांनी कागद घेतला. सवयीनं पालथा घातला. बोट ठेवलं, आणि चटका बसावा तसं उचललं. ती वाट बघत होती. त्यांनी ओरडावं, कागद भिरकावून द्यावा, म्हणजे तिलाही एकदाचं मोकळेपणानं ओरडता आलं असतं.

त्यांनी बोट पुन्हा ठेवलं. या वेळी कागदाच्या उजव्या कडेला. तिथून ते डावीकडे सरकू लागलं, अगदी सावकाश, मध्येच थांबत, एक पाऊल मागे येत. ओठ हलायला लागले.

"निलगिरीला," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळ काही नाही. "निलगिरीला साल... टाकून द्यायची... घाई असते."

टिंबू उभीच राहिली.

"वर्षातून एकदा ती कपडे उतरवल्यासारखी उभी राहते. आत..." बोट अडखळलं, मागे गेलं. "आत नवी साल तयार असते. ओलसर, फिकट, लहान मुलाच्या पाठीसारखी."

हे टिपण त्यांनी पाहिलेलं नव्हतं. बाईंची वही टिंबूच्या खणात होती आणि तिनं ते कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. बाबा पाठ म्हणत नव्हते. ते कागदाच्या पाठीवरून वाचत होते. खिळेजुळारी पन्नास वर्षं अक्षर उलटंच वाचतो, खिळ्यावर ते उलटं आणि वर उचललेलं असतं म्हणून. आणि इतक्या दाबानं छापलेल्या कागदाच्या मागे अक्षर तसंच येतं, उलटं आणि वर उचललेलं.

"तेरावी ओळ," बाबा म्हणाले. आवाज एकदम पूर्वीचा झाला होता. "चौथा शब्द. त्यातलं पहिलं अक्षर परकं आहे. बाकीच्यांपेक्षा जास्त टोचतंय. शेजारच्या खणातलं आलंय तुझ्याकडे."

तिनं चौकटीत वाकून बघितलं. तेरावी ओळ, चौथा शब्द. खिळा बाकीच्यांपेक्षा केसभर जाड होता. चार वेळा जुळवताना तिला दिसला नव्हता, चष्मा लावूनसुद्धा.

ती परत आली आणि कागद त्यांच्या हातात सुलटा केला. "बाबा, आता पुढून वाचा."

बाबा कागदाकडे बघत राहिले. मान थोडी तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली.

"पहिली ओळ वाचा फक्त."

"पुढून नाही दिसत," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. मधोमध डाग आहे. कडेनं सगळं दिसतं. दार दिसतं, यंत्र दिसतं. जिकडे बघावं नेमकं तेवढंच नाही. डॉक्टरकडे गेलो होतो. तो म्हणाला, आहे तेवढं आहे."

टिंबूला वाटलं होतं, असल्या वेळी माणसाला रडू येतं. तिला संताप आला. दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून बसत होता. रेडिओवरच्या बातम्या ऐकून घेत होता आणि जेवताना त्यांवर मतं देत होता. कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि तीन आठवडे ती त्यांच्यापुढे कागद नाचवत होती, वाचा, सही करा, वाचा, सही करा. तिला आपली शरम वाटली आणि त्या शरमेचाही राग त्यांच्यावरच निघाला.

"सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगायचं? घारीला दिसत नाही?"

"मला सांगायचं. गावाला नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू प्रूफं दाखवायची बंद केली असतीस."

हे खरं होतं. तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या समोर बसली. बाबा कागद सोडत नव्हते. बोट पुन्हा शेवटच्या ओळीवर गेलं होतं, तीच ओळ परत वाचत होतं. गेल्या दोन वर्षांत तिनं त्यांचा चेहरा असा बघितला नव्हता, आणि तो असा नव्हता हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"सगळी चोवीस पानं अशीच काढते," ती म्हणाली. "तुम्ही वाचा."

"वेडी आहेस." बाबा उठले, यंत्रापाशी गेले आणि चौकटीतल्या खिळ्यांवरून अंगठा फिरवला. "बघ. एका दाबात या स्वल्पविरामाचं शेपूट बसलं. अशी चोवीस प्रूफं हा संच कसाबसा सोसेल. पण त्यानंतर तुझ्या बाईंच्या ऐंशी प्रती, प्रत्येक पान खोल? संपला. खिळे नाही राहणार, खडे राहतील."

टिंबूला हिशेब कळला. या शिशात जोराचे घाव ठरावीकच शिल्लक होते. ते बाईंच्या अंगठ्याला द्यायचे किंवा बाबांच्या बोटाला. दोघांना पुरणार नव्हते.

तिनं फोन लावला. "बाई, खोल हवं असेल तर प्लेटवर करून देते. खिळ्यांवर हवं असेल तर हलकं. दोन्ही एकत्र नाही जमणार."

"पण ठरलं होतं आपलं."

"हो. मी चुकले ठरवताना. खिळे टिकणार नाहीत."

"मग मी तुमच्याकडे कशाला आले?" बाई शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांतपणानंच टिंबूला जास्त लागलं. "प्लेटवर कुणीही देईल करून. राहू द्या. शनिवारी येऊन वही घेऊन जाते."

तिनं फोन ठेवला. वर्षभरातलं एकच काम असं आलं होतं की ज्याच्यासाठी तिनं नोकरी सोडली होती. खरे खिळे, चांगला कागद, वाचण्यासारखा मजकूर. तीन आठवडे नाकी नऊ आले होते, आणि शेवटी तेही तिनंच आपल्या हातानं घालवलं होतं. आता पुन्हा कार्डं, पुन्हा खड्डे.

"गेलं ना काम?" बाबांनी विचारलं.

"गेलं."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळेच. दुसऱ्या कुणामुळे?" तिनं खणातून वही काढली. "शनिवारपर्यंत वही आपल्याकडे आहे. आज मंगळवार. जेवढी झाडं होतील तेवढी करू. दुसरं पेरूचं आहे."

"कशाला जुळवायचं? छापायचं तर नाही."

"तुम्हाला वाचायचंय की नाही?"

बाबा यंत्राच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि गादी चाचपू लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "एवढे नकोत," ते म्हणाले. "पुठ्ठा काढ आधी. आणि एक कागद काढ."

तिनं काढले, परका खिळा बदलला, निलगिरीचं पान पुन्हा दाबलं आणि त्यांच्या हातात दिलं.

बोट फिरलं. "लागतं. अजून एक काढ."

तिनं काढला, दाबला, दिला.

"लागतं. अजून एक काढ. खिळ्याला जपायला नको?"

तिनं अजून एक काढला. या वेळी कागदाची पाठ जवळजवळ सपाट होती, खिडकीपाशी तिरकी धरली तरच सावली दिसेल एवढी. बाबांना आयुष्यभर असाच कागद हवा होता. त्यांनी उजव्या कडेला बोट ठेवलं आणि डावीकडे नेलं. परत आणलं. बोट बदललं, करंगळी लावून पाहिली. पुन्हा मधलं लावलं. ओठ मात्र हलले नाहीत.

"एक घाल," बाबा म्हणाले.